दोरा कुणी ओढायचा

आमच्या पाटण खोऱ्यात पूर्वी घरटी एक तरी माणूस मुंबईला असायचा. मुंबईला म्हणजे गिरणीत, आणि गिरणीत म्हणजे लालबाग, परळ, डिलाईल रोड, नायगाव. गावात कुणी विचारलं, "थोरला कुठं असतो तुमचा?" तर "साच्यात हाय" नाहीतर "त्रासनात हाय" एवढं सांगितलं तरी पुरायचं. ऐकणाऱ्याला त्यात पगाराचा अंदाज यायचा. आणि माणूस ओळखीचा नसला तर त्याची जातही बहुतेक वेळा कळायची.

शहरातल्या वाचकांसाठी हे जरा फोडून सांगायला हवं. कापसाचं सूत होतं ते त्रासन खात्यात. इंग्रजी 'थ्रॉसल'चं आमच्या माणसांनी केलेलं हे त्रासन, आणि तिथली गरमी, उडणारा कापूस बघता नाव चुकलं असं कुणी म्हणणार नाही. सुताचं कापड होतं ते साचेखात्यात. साचा म्हणजे माग. साचेवाल्याला पैसे जास्त, मान जास्त. लग्नाच्या बोलणीत "मुलगा साच्यात आहे" म्हटलं की सोयरे पाट ओढून बसायचे.

माझे वडील साच्यात होते. १९४४ साली, लढाईच्या दिवसांत, ते चुलत्याच्या मागं मुंबईला आले. त्यांना साचा कुणी शिकवला? कुणीच नाही. शाळा नव्हती, पुस्तक नव्हतं, मास्तर नव्हता. चुलत्याच्या साच्यापुढं उभं राहायचं आणि बघायचं. चुलता जेवायला बसला की तेवढा वेळ साचा सांभाळायचा. तुटलेला ताण्याचा दोरा कसा हुडकायचा, गाठ कुठं मारायची, धोटा अडकला तर साचा कुठल्या क्षणी थांबवायचा, हे सगळं असंच बिनपगारी उभं राहून. सहा महिन्यांनी जॉबरला दोन शब्द सांगून चुलत्यानं त्यांना बदलीत लावलं. पुढं कधीतरी ते कायम झाले. साचेखात्यात आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, सगळे ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलतात. तरी त्या गोंगाटात आपल्या दोन साच्यांपैकी कुठला बिघडायला लागलाय हे वडिलांना पाठमोऱ्यानं कळायचं. म्हातारपणी कानानं काही ऐकू येईना, पण घरातल्या शिलाई मशिनीवर तळवा ठेवून ते सांगायचे, "तेल घाला."

मला हे फार मोठं ज्ञान वाटतं. पण त्याची एक अट होती. ते मिळवायला आधी साच्यापुढं उभं राहू देणारा चुलता लागायचा.

आता धोट्याची गोष्ट. धोट्यात सुताची कांडी असते. ती संपली की नवी कांडी घालायची आणि तिचा दोरा धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचा. हे पटकन कसं करायचं? भोकाला तोंड लावून श्वास आत ओढायचा, की दोरा सुळकन् बाहेर येतो. दिवसातून कितीतरी वेळा. एकच धोटा वेगवेगळ्या पाळ्यांत वेगवेगळ्या माणसांच्या तोंडाला लागायचा. एवढ्या कारणावरून मुंबईच्या बहुतेक गिरण्यांत अस्पृश्य म्हटलेल्या कामगाराला साचेखात्यात घेत नसत. मराठे होते, कोकणातले कुणबी होते, मदनपुऱ्याकडचे मोमीन विणकर होते. महार, चांभार, मांग नव्हते. त्यांनी त्रासनात जायचं, नाहीतर झाडलोटीला. पाण्याचं पिंपसुद्धा निराळं.

हीच चाल विलायतेतही होती. लँकेशायरच्या गिरण्यांत तोंडानं दोरा ओढण्याला धोट्याचा मुका घेणं म्हणत. तिथंही त्याविरुद्ध ओरड झाली, पण ती रोगराईसाठी. तोंडातून तोंडात क्षय जातो, दात किडतात, म्हणून. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं तर १९११ सालीच त्यावर कायद्यानं बंदी आणली. आमच्याकडं जंतूंची भीती कुणाला वाटली नाही, विटाळाची वाटली. आणि दुसरी गंमत बघा. लँकेशायरमध्ये साच्यावर बहुतेक बायकाच असायच्या. विणकाम हे तिथं बाईला येणारं काम. तोच साचा बोटीत बसून मुंबईला आला आणि तो चालवायला पुरुषाचीच अक्कल लागते असं ठरलं. लोखंड तेच, धोटा तोच.

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. तो ऑक्टोबरपर्यंत चालला. संपवाल्यांच्या सतरा मागण्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा परळलाच, पोयबावाडीच्या बी. आय. टी. चाळीत राहत होते, आणि त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं कचेरीचं काम तिथूनच जवळ दामोदर हॉलमध्ये चालायचं. साचेखात्याचं दार आमच्या माणसांना उघडा, हा प्रश्न त्यांनी त्या संपात पुढाऱ्यांपुढं ठेवला. कामगारांच्या एकजुटीची भाषणं करणाऱ्यांना तो अवघड गेला. कारण दार मालकानं लावलेलं नव्हतं एवढंच, कडी आतून होती. बाबासाहेबांना हे नवीन नव्हतं. आमच्याच साताऱ्यात १९०० साली ते शाळेत जाऊ लागले तेव्हा बसायचं गोणपाट घरून न्यावं लागायचं आणि शिपायानं वरून ओतलं तरच पाणी मिळायचं. शाळेतलं गोणपाट आणि गिरणीतला धोटा, दोन्हीकडं प्रकार एकच. शिकायला मनाई आहे असं कुणी तोंडानं म्हणत नाही. फक्त जिथं उभं राहिल्यावर शिकता येतं तिथं उभं राहू देत नाहीत.

आमच्या गावच्या खालच्या वाड्यातले एक तात्या वडिलांच्याच गिरणीत त्रासनात होते. तीस वर्षं. नायगावला बी.डी.डी. चाळीत राहायचे. सुट्टीवरून गावाहून आले की सगळ्यांच्या चिठ्ठ्या-गाठोडी घरपोच करायचे. आमच्याकडं यायचे ते गॅलरीत उभे राहायचे. त्यांना चहा मिळायचा तो निराळ्या कपात, आणि तो कप गॅलरीच्या कोनाड्यात ठेवलेला असायचा. एकदा वडिलांशी साचेखात्याचं बोलणं निघालं तेव्हा ते हसत हसत म्हणाले, "दाजी, सूत आमीच काढतोय की. आमच्या हातचाच दोरा तुमी तोंडात धरताय. तो कसा काय बाटला न्हाई वो?" वडील काही बोलले नाहीत. तात्यांनी चहा पिऊन कप स्वतः विसळून कोनाड्यात ठेवला.

पुढं तोंड न लावता दोरा ओवता येईल असे धोटे आले. म्हणजे सबब गेली. पण तोवर चुलत्यामागं पुतण्या, मेहुण्यामागं मेहुणा अशी रांग पक्की झाली होती. ज्यांचं कुणीच आत नाही, ते आत शिकणार कुठून? तात्यांनी मग साच्याचा नाद सोडला आणि पोराला पुस्तकाला लावलं. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं ते नोकरी करणाऱ्यांना जमावं म्हणून सकाळच्या वर्गांचं. तात्यांचा पोरगा पहाटे नायगावहून निघून कॉलेज करायचा आणि तिथून परस्पर कामावर जायचा. आमच्या आळीत पहिला पदवीधर तो झाला, साचेवाल्यांच्या घरात नव्हे. साचेवाल्यांना घाई नव्हती ना, त्यांच्या पोरांना साचा होताच.

बायकांचं काय? गिरणीत बायका पहिल्यापासून होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तर पाचात एक कामगार बाई असायची. त्यांची जागा रिळिंग आणि वाइंडिंग खात्यात. त्यात बऱ्याच विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांच्यावर देखरेखीला बाईच, तिला नायकीण म्हणत. सुताची लड करायची, तुटला दोरा डोळ्याचं पातं लवायच्या आत सांधायचा, गाठ अशी मारायची की पुढं साच्यावर अडकू नये. हीच गाठ साचेवाल्यानं मारली की कसब, बाईनं मारली की 'बायकांची बोटं नाजूक असतात'. म्हणजे तिला काही येतं असं नाहीच, तिला ती निसर्गानं दिलेली सवलत! मोबदला नगावर.

मग कायदे झाले. १८९१ पासून बायकांच्या कामाच्या तासांना मर्यादा आली, पुढं रात्रपाळी बंद झाली, १९२९ साली बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. कायदे चांगलेच होते. पण मालकांनी तीन पाळ्या लावल्या, यंत्रं वेगाची आणली, आणि रात्री न चालणारी, बाळंतपणाचा खर्च लागणारी बाई त्यांना नकोशी झाली. रिळिंग खाती आटली. माझ्या लहानपणी लालबागला भोंगा झाल्यावर बाहेर पडणाऱ्या गर्दीत बायका मोजता येतील एवढ्याच उरल्या होत्या. या बायकांना संघटित करणाऱ्यांत उषाताई डांगे होत्या. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'पण ऐकतं कोण?' मला वाटतं, ते नाव रिळिंग खात्यातल्या कुठल्याही बाईच्या आयुष्याला चालेल.

गिरगाव आणि गिरणगाव यांत एका 'ण'चा फरक. ट्राममध्ये बसलं की परळहून गिरगावला जायला कितीसा वेळ? पण गिरगावात मुलींची शाळा १८४९ सालची आहे. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा काढून मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि जगन्नाथ शंकरशेटांनी आपल्या वाड्यात जागा दिली. १८८९ च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं, त्यात गोदूबाई नावाची एक बालविधवा पहिल्यांदा आली. धोंडो केशव कर्व्यांशी पुढं जिचं लग्न झालं ती हीच. म्हणजे गिरगावच्या विधवेला पाटी मिळायची आणि गिरणगावच्या विधवेला बाबीन. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. गिरगावच्या बायकांनाही पाटीसाठी शेणगोळे खावे लागले नसतील, पण शिव्या भरपूर खाव्या लागल्या. तरी अंतर ते अंतर.

परळलाही शिक्षणाची सोय झाली होती. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवली. माझा थोरला भाऊ रात्रशाळेतच मॅट्रिक झाला. दिवसा बदलीला जायचा, रात्री शाळेला. रात्रशाळा या शब्दातच माझं उत्तर होतं. रात्री मुलगी बाहेर कशी जाणार? मी सातवीनंतर घरी बसले, म्हणजे माझ्या आत्याच्या खानावळीत उभी राहिले.

आत्याबद्दल सांगायचं तर पुष्कळ आहे. ती अठराव्या वर्षी विधवा झाली आणि भावाच्या मागं मुंबईला आली. लालबागच्या चाळीत एका खोलीत ती तीस-बत्तीस माणसांची खानावळ चालवायची. सगळे एकटे गडी, गाळ्यात पाळीपाळीनं झोपणारे, बायका-पोरं गावाकडं. पहिल्या पाळीचे वेगळे, दुसऱ्या पाळीचे वेगळे, रात्रपाळीवाल्याचा डबा वेगळा. पहाटे तीनला तिचा स्टो फुरफुरायला लागायचा. तिला अक्षर येत नव्हतं. हिशेब भिंतीवर. चुलीमागच्या भिंतीवर प्रत्येक गड्याची एक खूण. कुणाचा विळा, कुणाची चांदणी, कुणाचा नुसता गोल, आणि त्याच्यापुढं कोळशाच्या रेघा. एक रेघ एक खाडा. गडी गावाला गेला की आडवी रेघ. पाहुणा जेवला की टिंब. पगाराच्या दिवशी ती भिंतीकडं पाठ करून बसायची आणि प्रत्येकाचा आकडा तोंडपाठ सांगायची. मी एकदा विचारलं, "आत्या, मग रेघा कशाला वडतीस?" म्हणाली, "मला न्हाई लागत गं. त्यांस्नी दिसाय पायजे. बाई तोंडानं सांगती म्हणल्यावर कोण मानतंय?"

१९६७ च्या डिसेंबरातली ११ तारीख. पहाटे साडेचारच्या आत मुंबईतही चाळ हलली. भांडी वाजली. दिवस उजाडला तशी बातमी आली की कोयनेला भूकंप झालाय, कोयनानगर जमीनदोस्त. खानावळीतले निम्मे गडी पाटण तालुक्यातले. गावाकडची तार नाही, फोन कुणाकडं? त्या सकाळी आत्याकडं नुसती रीघ लागली. कुणाची वाडी धरणाच्या कुठल्या अंगाला, कुणाचं घर दगडाचं आणि कुणाचं कुडाचं, कुणाची बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय म्हणून त्या घरात नाही, कुणाचा म्हातारा अंथरुणाला खिळलाय, हे सगळं तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं वाढता वाढता ऐकलेलं. कुणी आधी निघायचं, कुणी कुणाला बरोबर न्यायचं, वाटखर्चाला कुणाला किती द्यायचे, हे तिनं तासाभरात लावून दिलं. गिरणीच्या कचेरीत प्रत्येकाचं नाव-गाव लिहिलेलं रजिस्टर असेलच. त्या दिवशी ते उघडायला कुणी गेलं नाही.

आमच्या भिंतीला लागून रोज संध्याकाळी 'मराठा' मोठ्यानं वाचला जायचा. वाचणारा भाऊ, ऐकणारे तीस गडी, आणि आत भाकरी थापत आत्या. अत्र्यांचा अग्रलेख तिला भाऊपेक्षा नीट सांगता यायचा, कारण भाऊ वाचायच्या नादात असायचा आणि ती समजायच्या. कानानं शिकणाऱ्याला एक शिस्त लागते, परत उलटून बघायची सोय नसते. नारायण सुर्व्यांनी १९६६ च्या आपल्या संग्रहाला 'माझे विद्यापीठ' नाव दिलं. याच रस्त्यांवर वाढलेला, गिरणीत राबलेला, शाळेत शिपाई असताना मास्तर झालेला माणूस. पण रस्ता त्यांना तरी मोकळा होता. आत्याचं विद्यापीठ दहा बाय बाराचं.

मी पुढं बाहेरून परीक्षा देऊन मॅट्रिक झाले आणि मग कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचा अर्ज भरला. १९१६ साली सुरू झालेलं ते विद्यापीठ मराठीतून शिकू द्यायचं आणि घरी बसून परीक्षाही देऊ द्यायचं, माझ्यासारखीला ते वरदानच होतं. तिथं सुरुवातीपासून गृहशास्त्राला मोठं स्थान. मी पुस्तकातली आहाराची कोष्टकं मोठ्यानं पाठ करायची तेव्हा आत्या ऐकायची. एक दिवस म्हणाली, "हे लिवणाऱ्या बाईनं तीस माणसांचा सैपाक केलाय का कवा?" ती म्हणते म्हणून मी पान पुन्हा वाचलं. त्यात सहा माणसांच्या कुटुंबाच्या पुढं गणित गेलंच नव्हतं.

खानावळवाल्या बायकांचं खरं गणित पडायचं ते वाण्याकडं. महिनाभर उधार माल, तो म्हणेल तो भाव, आणि अडलं की मंगळसूत्र गहाण. १९७४ च्या सुमाराला बेचाळीस दिवसांचा संप झाला तेव्हा या बायकांनी गड्यांना उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः कर्जात बुडाल्या. हे पाहून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली दादर-परळकडं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँका राष्ट्रीयीकृत झाल्या होत्या, गरिबाला कर्ज द्यायचं सरकारी धोरण होतं. पण बँकेत गेलं की साहेब विचारायचा, धंद्याची वही कुठाय? एका साहेबाला आत्या म्हणाली, "घरी भिंतीवर हाय, चला दावते." तो हसला. मंडळाची युक्ती अशी की बायकांचा गट करायचा आणि एकीला दुसऱ्यांनी जामीन राहायचं. कोण कशी धंदा करते, कुणाचा नवरा पितो, कुणाचं पाणी खोल आहे, हे चाळीतल्या बायकांना माहीत असतंच. तेच तारण म्हणून चालायला लागलं. आत्या सही करायला शिकली ती या कर्जापायी, त्रेपन्नाव्या वर्षी. सही आली, पण रेघा सोडल्या नाहीत.

मंडळाच्या बैठकीला नायगावच्या चाळीतल्या, तात्यांच्या आळीतल्या बायकाही यायच्या. एका सतरंजीवर बसायच्या, एका किटलीतला चहा प्यायच्या. गॅलरीतला कप कोनाड्यातून कधी गेला ते मला नेमकं आठवत नाही. त्यावर घरात बोलणं असं झालं नाही. तात्यांची सून त्या गटात आत्याला जामीन होती, एवढं मात्र खरं.

या बायकांनी काय पाहिलं, काय केलं हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहायला हवं, हे फार उशिरा कुणाला सुचलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांचं ऐकून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली केलं. खानावळवाल्यांचं, रिळिंगवाल्यांचं असं किती विरून गेलं!

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस बाहेर. तो संप कुणी मागं घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही. गडी एकेक करून वळकट्या बांधून गावाला गेले. जाताना आत्याला म्हणायचे, "आक्का, सुरू झालं की पयले तुझे देतो." वडिलांचं कसब त्या वर्षी संपलं. साचा येणाऱ्या माणसाला पाटण तालुक्यात करायला काय होतं? आत्यानं आणखी दोन वर्षं रेटलं, मग तीही गावी आली. खोली सोडताना भिंतीला चुना मारून दिला.

१९९१ ची दिवाळी असेल. दुपारी एक माणूस दारात येऊन उभा राहिला. केस पिकलेले, हातात पिशवी. मोरण्याकडचा, पूर्वीचा तिच्या खानावळीतला. म्हणाला, "आक्का, पोरगा नोकरीला लागला. माझं किती व्हतं?" आत्याला तोवर दिसत कमी होतं. तिनं आवाजावरून ओळखलं. म्हणाली, "दोनशे सत्तेचाळीस. त्यातलं पाच दिवस तुझा मेव्हणा जेवला हुता, ते धरू नगंस. पाव्हण्याचं मी घेत न्हाई."